जुना डेस्कटॉप पुन्हा कामाला लावताना: आधी डबा उघडा, मग लिनक्स टाका

आमच्या गावच्या वाचनालयात, संदर्भ ग्रंथांच्या कपाटाशेजारी, एक डेस्कटॉप दोन वर्षं टेबलक्लॉथखाली झाकून ठेवलेला होता. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडी हाकेच्या अंतरावर, म्हणजे हवा खारी आणि पावसाळ्यात चार महिने ओल. ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "अहो, बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. दुरुस्तीवाले म्हणाले मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या." वाचनालय लहान, अनुदान त्याहून लहान. नवीन घेणं जमलं नाही आणि पुस्तकांची नोंद परत वहीवर गेली.

तो डेस्कटॉप आज रोज सहा तास चालतो. मदरबोर्ड गेलेलाच नव्हता. रॅमचे संपर्क काळे पडले होते, घड्याळाचा सेल मेला होता, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती आणि हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजत होती. चारही दोष वेगवेगळे आणि त्यांतला एकही मशीन भंगारात घालण्याइतका मोठा नाही. जुन्या मशीनचं बहुतेक वेळा असंच होतं. लहान लहान गोष्टी एकावर एक साचतात आणि कोणीतरी डबा न उघडताच "बोर्ड गेला" असा निकाल देऊन मोकळं होतं. म्हणून इथे क्रमाला मी फार महत्त्व दिलं आहे. तपासल्याशिवाय पैसे घालू नका आणि हार्डवेअर धड झाल्याशिवाय लिनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमला, हात लावू नका.

हे कोणत्या मशीनवर करावं

वाचनालयाचा संगणक असेंबल केलेला. इंटेल कोअर टू ड्युओ ई७५००, म्हणजे २००९ सालचा २.९३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी डीडीआर३ रॅम, ३२० जीबी हार्डडिस्क. त्या काळात आपल्याकडे घराघरांत, शाळांत, पतसंस्थांत याच घडणीची मशिनं आली. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तेव्हा तो रस्ता या मशीनला बंदच आहे. लिनक्सला मात्र हा प्रोसेसर आजही चालतो, कारण तो ६४ बिटचा आहे.

कोअर टू ड्युओ किंवा त्यानंतरचं काहीही असेल आणि रॅम ४ जीबीपर्यंत नेता येत असेल, तर मेहनत कारणी लागते. पेंटियम ४ असेल तर मी खर्च करणार नाही. वीज जास्त खातो, तापतो आणि आजच्या वेबसाइटपुढे हतबल होतो.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून टाका. मशीनवर टॅली चालवायचं असेल, श्री-लिपीवर डीटीपीचं काम असेल किंवा अंगठ्याच्या मशीनचं एखादं विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागत असेल, तर त्या कामाला हे मशीन देऊ नका. लेखन, वाचन, हिशेबाचे तक्ते, ईमेल, ऑनलाइन अर्ज, व्हिडिओ, मुलांचं प्रोग्रॅमिंग हे सगळं आरामात होतं.

सगळ्यात आधी डेटा

मशीन चालू होत नसलं तरी हार्डडिस्क बाहेर काढता येते. साटा (हार्डडिस्क बोर्डाला जोडायची पद्धत) ते यूएसबी असं अडॅप्टर मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतं. त्याने ती दुसऱ्या संगणकाला जोडा आणि डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो सगळं कॉपी करून घ्या. हे काम दुरुस्तीनंतर करू म्हणून टाळू नका. जुनी डिस्क कधी कधी शेवटचं एकदाच नीट चालते. घरच्या मशीनमध्ये एखाद्याच्या आजीचा एकुलता एक फोटोही असू शकतो.

मराठी माणसाला इथे एक अडचण हमखास येते. वाचनालयाची पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये होती, पण ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केलेली नव्हती. जुन्या फाँटातली होती. दुसऱ्या संगणकावर उघडली तर शीर्षकांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. असं दिसलं तर घाबरू नका आणि फाइलही पुसू नका. मजकूर निवडून फाँटचं नाव पाहा, ते लिहून ठेवा आणि जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून त्या नावाच्या फाइल उचलून घ्या. त्या फाँट फाइल नंतर लिनक्समध्ये बसवल्या की बहुतेक वेळा मजकूर पुन्हा वाचता येतो. पुढे युनिकोड परिवर्तक वापरून यादी कायमची बदलून घ्यावी. परिवर्तनानंतर पहिल्या वीस-पंचवीस ओळी डोळ्यांखालून घाला. रफार आणि पहिली वेलांटी या दोन जागी गडबड जास्त होते. आमच्याकडे "वर्ष"चा रफार एका अक्षराने सरकला होता आणि तो दिवाळी अंकांच्या प्रत्येक नोंदीत होता.

डबा उघडून धूळ काढणे

प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग समोरचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली थोडीफार वीज निघून जाते. मशीन बरेच दिवस ओलीत असेल तर उघडून एक-दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. ओलसर बोर्डाला वीज देणं हीच त्याला मारण्याची सगळ्यात खात्रीची रीत आहे.

मोबाइलवर आतल्या वायरींचे चार फोटो काढा. समोरच्या पॅनेलच्या बारीक वायरी, म्हणजे पॉवर, रीसेट, दोन दिवे, या कुठे बसतात ते फोटोशिवाय आठवत नाही.

धुळीसाठी रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर अंगणात किंवा गॅलरीत मारा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. पंखा हवेने जोरात फिरला तर बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीला स्थिर वीज साचते. तुमच्याही अंगावर ती असते, म्हणून बोर्डाला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा.

आमच्या डब्यात धुळीबरोबर कुंभारणीचं घर निघालं, थेट मागच्या पंख्याच्या कोपऱ्यात. ते ओलं करून काढायचा मोह होतो. तसं न करता सुकंच टोकरून काढलं.

डोळ्यांनी तपासणी

आता टॉर्च घेऊन बोर्ड नीट न्याहाळा. प्रोसेसरच्या आसपास उभे दंडगोल दिसतात, ते कपॅसिटर. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. फुगलं असेल, वरच्या खाचेतून तपकिरी चीक बाहेर आला असेल किंवा कपॅसिटर बुडातून उचलल्यासारखा तिरका झाला असेल, तर तो गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभर विकले गेले, म्हणून त्या काळातल्या बोर्डांवर हा रोग फार दिसतो. २००९-१० च्या पुढच्या बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसरजवळ घन कपॅसिटर असतात आणि ते सहसा फुगत नाहीत.

फुगलेला कपॅसिटर बदलता येतो. गावातले टीव्ही दुरुस्त करणारे काका हे काम संगणकवाल्यापेक्षा चांगलं करतात, कारण त्यांचा हात सोल्डरिंगवर बसलेला असतो. त्यांना तीन गोष्टी सांगा. मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त चालेल, आणि माल १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा हवा. जुना काढण्याआधी फोटो काढून ठेवा. कपॅसिटरवरची पट्टी ऋण टोक दाखवते, पण बोर्डावर छापलेल्या खुणेचा अर्थ सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. उलटा बसलेला कपॅसिटर फुटतो.

एसएमपीएस

आपल्याकडच्या विजेच्या चढउतारात पहिला बळी जातो तो एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याचा. तपासणी सोपी आहे. प्लग काढलेला असताना २४ पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डावरून काढा. त्यात हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची काळी वायर यांच्या छिद्रांत वाकवलेल्या तारेचा तुकडा घालून जोडा. भार म्हणून एखादा जुना पंखा लावून ठेवा. मग प्लग लावून चालू करा. एसएमपीएसचा पंखा फिरला तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजा. मीटरची काळी तार काळ्या वायरवर, मीटरची लाल तार एकेका रंगाच्या वायरवर. पिवळ्यावर १२ व्होल्ट, म्हणजे ११.४ ते १२.६ च्या आत. लालवर ५, म्हणजे ४.७५ ते ५.२५. नारिंगीवर ३.३, म्हणजे ३.१४ ते ३.४७. पिवळा १०.९ दाखवत असेल तर पंखे फिरतील, दिवे लागतील, पण मशीन भरवशाचं राहणार नाही.

एसएमपीएस खराब निघाला तर नवा घ्या. त्याचा डबा उघडू नका. २३० व्होल्टचा एसी आत सरळ होतो तेव्हा सुमारे ३२५ व्होल्ट होतात आणि प्लग काढल्यावरही ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. हे काम शिकलेल्या माणसाचंच.

आणखी एक. चालू मशीनच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात का? येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतल्या गाळणीमुळे निम्मं व्होल्टेज पत्र्यावर येतं आणि अर्थिंग नसलं की त्याला जायला वाट राहत नाही. जुन्या इमारतींत, शाळांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या पिनेला वायरच नसते. वायरमनला बोलावून हे आधी करून घ्या. बाकीची दुरुस्ती दोन दिवस थांबली तरी चालेल.

"डिस्प्ले येत नाही"

सगळ्यात जास्त मशिनं याच तक्रारीने टाकून दिली जातात, म्हणून इथे घाई करू नका.

मॉनिटर दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. व्हीजीए केबलच्या पिना वाकल्यात का पाहा. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा कनेक्टर नीट बसलाय का पाहा. तो सुटला असेल तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते.

एवढं करून काही झालं नाही, तर बोर्डावरून सगळं उतरवा. हार्डडिस्क, डीव्हीडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड, यूएसबीची पिल्लावळ. उरवायचं एवढंच: बोर्ड, प्रोसेसर, त्यावरचा पंखा, एक रॅम. बोर्डाला बीप देणारा छोटा स्पीकर नसेल तर जुन्या कॅबिनेटमधून काढून चार पिनांवर लावा. काडेपेटीपेक्षा लहान ही वस्तू, पण ती नसेल तर मशीन मुकं असतं.

आता रॅमही काढा आणि एकही रॅम नसताना मशीन चालू करा.

वाचनालयात मी हेच केलं. बटण दाबलं, पंखा फिरला आणि दोन सेकंदांनी लांब, थांबून थांबून बीप सुरू झाले. ताई दचकल्या. मला मात्र त्या आवाजाने हायसं वाटलं. रॅम नाही अशी ओरड करायला बायोस, म्हणजे बोर्डावरचा मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, चालू लागतो, बायोस चालवायला प्रोसेसर लागतो आणि दोघांना पोसायला बोर्ड लागतो. ती बीप म्हणजे तिघेही जिवंत असल्याची खूण. रॅम नसतानाही पूर्ण शांतता असेल, तेव्हा बोर्ड, प्रोसेसर किंवा बायोसवर संशय घ्यावा. त्याआधी नाही.

मग रॅमची पट्टी उजेडात धरली. खालच्या कडेचे सोनेरी संपर्क चकचकीत हवेत. आमच्या पट्टीवर त्या सोन्यावर मातकट पापुद्रा होता आणि एका टोकाला तीन-चार संपर्क हिरवट काळे झाले होते. खारी हवा आणि ओल यांची ही करणी. पट्टी दोन्ही कडांना धरायची, पुठ्ठ्यावर आडवी ठेवायची आणि मुलांचा पांढरा मऊ खोडरबर संपर्कांच्या उभ्या दिशेने, हलक्या हाताने घासायचा. खोडरबर काळा होत जातो आणि खालून पिवळं सोनं वर येतं. दोन्ही बाजू घासायच्या. पॉलिश पेपर वापरू नका, सोन्याचा थर केसाहून पातळ असतो. शेवटी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन एक हात फिरवा. खोडरबराचा चुरा स्लॉटपासून लांब झटका, तो स्लॉटमध्ये पडला तर नवं दुखणं सुरू होतं. स्लॉटही कोरड्या ब्रशने साफ करा.

पट्टी परत बसवताना दोन्ही टोकांना "टक" असा आवाज आला पाहिजे. एकाच टोकाला आला तर ती बसलेली नाही.

या वेळी बीप एकच आली, छोटी. पाठोपाठ स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. सीमॉस चेकसम चुकलंय (म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग्ज पुसल्या गेल्यात), पुढे जायला एफ१ दाबा. तारीख १ जानेवारी २००९.

सेल आणि पेस्ट

तारीख मागे जाते याचा अर्थ बोर्डावरचा गोल सेल संपला. त्याचा नंबर सीआर२०३२, घड्याळवाल्याकडेही मिळतो. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या वर दाखवतो. २.७ च्या खाली गेला की बदलाच. हा किरकोळ दोष समजू नका. तारीख चुकीची असली की ब्राउझर प्रत्येक वेबसाइट असुरक्षित म्हणून अडवतो, अपडेट नाकारले जातात आणि लोक इंटरनेट कंपनीला फोन करत बसतात.

आता बायोसमध्ये जा, बहुतेक बोर्डांवर डिलीट किंवा एफ२ ची कळ, आणि हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर प्रोसेसरचं तापमान पाहत बसा. नुसत्या बायोसमध्ये ४५-५५ अंश ठीक. आमचा आकडा पाच मिनिटांत ८० च्या पुढे गेला. म्हणजे पेस्ट.

इंटेलच्या त्या काळच्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेला पाव फेरा फिरवून वर ओढा. पंखा सरळ न उपटता किंचित डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरमध्ये याची काळजी जास्त घ्यायची. पेस्ट चिकटली असेल तर पंख्याबरोबर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन आधी दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट केली की तो धोका कमी होतो.

जुनी पेस्ट सुती कापड आणि अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट मधोमध, मटारच्या दाण्यापेक्षा लहान. बोटाने पसरवायची गरज नाही, पंख्याच्या दाबाने ती पसरते. खुंट्या बाणाच्या उलट मूळ जागी फिरवून घ्या आणि समोरासमोरचे कोपरे जोडीने दाबा, आधी एक तिरकी जोडी, मग दुसरी. चार वेळा टक आवाज मोजा. बोर्डाच्या मागून पाहिलं की चारही टोकं बाहेर आलेली दिसतात. एकही राहिलं तर मेहनत फुकट. आमचं तापमान यानंतर ४६ वर थांबलं.

पंखा कुरकुरत असेल तर मधलं स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, थंडीत गोठतं.

पैसे कुठे घालावेत

दोनच ठिकाणी. पहिलं एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीशिवायची वेगवान डिस्क, दुसरं रॅम. प्रोसेसर बदलायच्या मागे लागू नका.

जुन्या हार्डडिस्कवर डोकं इकडून तिकडे जायलाच दहा-बारा मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये तो काळ त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. लिनक्स कितीही हलकं टाका, डिस्क जुनी असेल तर मशीन रडतच राहतं. २.५ इंची साटा एसएसडी घ्या, २४० किंवा २५६ जीबी भरपूर. जी४१ बोर्डावर साटाचा जुना, ३ गिगाबिटचा वेग आहे आणि एएचसीआय हा डिस्क चालवण्याचा नवा मोड नाही. बायोसमध्ये तो पर्याय शोधत बसू नका, आयडीई या जुन्या मोडवरही एसएसडी उत्तम चालतो. साटा केबल मात्र नवी घ्या.

रॅम घेताना मी फसलो, ते सविस्तर सांगतो. डीडीआर३ ची ४ जीबीची पट्टी आणली, लावली, पुन्हा डिस्प्ले गेला. पट्टी चांगली होती. जी४१ ला २ गिगाबिटपेक्षा दाट चिप वाचता येत नाही. म्हणजे ४ जीबीच्या पट्टीवर एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ८ अशा १६ काळ्या चिप असायला हव्यात. माझ्या पट्टीवर एकाच बाजूला ८ होत्या. दुकानदाराने बदलून दिली आणि मशीन लगेच चालू झालं. तेव्हा दुकानात पट्टी उलटीपालटी करून चिप मोजा. जी३१ बोर्ड असेल तर त्याला डीडीआर२ लागते आणि कमाल ४ जीबी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत जुनी रॅम मिळते. परत घेण्याची बोली करूनच घ्या.

नव्या-जुन्या रॅमची जोडी जमली की रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तर ती पट्टी परत. खराब रॅमवर टाकलेली सिस्टिम आठवड्याभरात विचित्र वागते आणि दोष लिनक्सवर येतो.

कोणतं लिनक्स

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत; मी त्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकतो. त्याचा चेहरा विंडोजसारखा आहे, खाली पट्टी, डावीकडे मेनू. वाचनालयात येणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना काही समजावून सांगावं लागलं नाही. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. रॅम किमान २ जीबी लागते, ४ असावी. रॅम २ च्या वर जातच नसेल किंवा प्रोसेसर ३२ बिटचा असेल, तर अँटीएक्स हा दुसरा प्रकार पाहा. ते दिसायला साधं, पण खूप हलकं आहे.

दुसऱ्या संगणकावर मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. ती साधारण ३ जीबी असते, म्हणून पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. गावाकडच्या नेटवर डाउनलोड मध्येच तुटतं, तेव्हा संकेतस्थळावर दिलेला एसएचए२५६ चा आकडा (फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा) जुळवून पाहा. अर्धवट फाइलने इन्स्टॉल मध्येच अडकतं आणि दोन तास जातात. विंडोजवर रुफस किंवा बलेना एचर वापरून फाइल पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

बूट मेनूची कळ बोर्डागणिक बदलते: एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप. जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह वेगळा दिसत नाही, तो हार्डडिस्कच्या यादीत लपलेला असतो. "हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज" या उपमेनूत जाऊन त्याला पहिल्या क्रमांकावर आणा. तिथेही दिसला नाही तर मागच्या बाजूचा यूएसबी पोर्ट वापरा. पुढचे पोर्ट जुन्या कॅबिनेटमध्ये अर्धमेले असतात.

आधी नुसतं चालवून पाहा

मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, डिस्कवर काहीही न लिहिता. या अवस्थेत अर्धा तास काढा. आवाज येतो का, नेट चालतं का, स्क्रीनचं रिझोल्यूशन बरोबर आहे का, प्रिंटर सापडतो का. जी४१ मधल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्समध्येच असतो, सीडी शोधावी लागत नाही.

इथेच जुनी हार्डडिस्क जोडून "डिस्क्स" हे ॲप उघडा आणि मेनूतून स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहा. बदललेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या खराब झालेल्या लहान तुकड्यांचा) आणि प्रलंबित सेक्टरांचा आकडा शून्य हवा. आमचा प्रलंबित आकडा ६४ होता, म्हणून ती डिस्क निवृत्त केली. सीआरसी चुकांचा (डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर दोष डिस्कचा नसून बहुधा केबलचा असतो.

इन्स्टॉल करताना फक्त एसएसडी जोडलेला ठेवा, जुनी डिस्क वायर काढून बाजूला. म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाण्याची भीतीच उरत नाही. डेस्कटॉपवरचं "इन्स्टॉल लिनक्स मिंट" उघडा. भाषेच्या यादीत मराठीही आहे. मल्टिमीडिया कोडेकच्या (व्हिडिओ-गाणी चालवायच्या जोडप्रोग्रॅमच्या) चौकटीत खूण करा, नाहीतर व्हिडिओ अडतात. पुढे "डिस्क पुसून मिंट बसवा", वेळेसाठी कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. आमच्याकडे वीस मिनिटं लागली. पासवर्ड वाचनालयाच्या रजिस्टरात लिहून ठेवायला सांगितला, कारण असे संगणक बहुतेक वेळा विसरलेल्या पासवर्डमुळे परत बंद पडतात.

पहिल्या सुरुवातीला अपडेट मॅनेजर पूर्ण चालू द्या. मग टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम उघडून सिस्टिमचा एक स्नॅपशॉट घ्या. पुढे कोणी काही बिघडवलं तर त्या दिवसावर परत जाता येतं.

मराठी

मराठी नीट दिसावं म्हणून नोटो आणि लोहित हे देवनागरी फाँट सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. टायपिंगसाठी सेटिंग्जमधलं "इनपुट मेथड" उघडा, आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम बसवा आणि सोबत भारतीय भाषांसाठी त्याचं एम१७एन पॅकेज. लॉग आउट करून परत आलात की आयबसच्या पसंतीत मराठीखाली इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स असे पर्याय दिसतात. ज्यांची बोटं गमभनवर बसली आहेत त्यांना तेही त्याच यादीत सापडेल. नव्याने शिकणाऱ्या मुलांना मी इनस्क्रिप्टच शिकवतो. सुरुवातीचे दहा दिवस जड जातात, नंतर कुठल्याही संगणकावर हात अडत नाही.

पुस्तकांची यादी लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडली. एक्सेलची फाइल तशीच चालते, पण क्लिष्ट मॅक्रो असतील तर ते तपासून घ्या.

रोजच्या वापरात

ब्राउझर हाच आता सगळ्यात जड प्रोग्रॅम. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन बसवा. जाहिराती गेल्या की जुना प्रोसेसर मोकळा श्वास घेतो. टॅब पाच-सहाच्या वर नेऊ नका. व्हिडिओ ४८० वर ठेवा, कारण आजचे नवे व्हिडिओ प्रकार उलगडायचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं. रॅम २ जीबीच असेल तर झेडरॅमचं पॅकेज बसवा, ते रॅममधलाच मजकूर दाबून जागा करतं.

प्रिंटरबाबत आधी खात्री करा. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांसाठी एचपीलिप आहे. लेझरजेट १०२० ला त्यातलं एक जादा प्लगइन उतरवावं लागतं, मग तो व्यवस्थित छापतो. कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या खास ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर तो बसवणं किचकट आहे. तो प्रिंटर असेल तर मशीन बदलण्याआधी ही जोडी जमते का ते पाहूनच घ्या.

डबा बंद करण्याआधी एक कागद आतल्या बाजूला, पत्र्यावर चिकटवा. सेल कधी बदलला, पेस्ट कधी लावली, रॅम कुठली, एसएसडी केव्हा बसवला, आणि मिंटची कुठली आवृत्ती. वाचनालयातल्या कागदावर ताईंनी खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: मृगाआधी डबा उघडून धूळ काढणे, रॅम खोडरबराने पुसणे.